तो प्रश्न आपणच आधी विचारायचा

पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मनात घर करून बसलंय. "पेशंट लाजतो, म्हणून लैंगिक त्रासाचा विषयच निघत नाही," असं तू लिहिलंस. मला हे अर्धंच पटतं. लाज असतेच. पण तो माणूस दवाखान्यापर्यंत आलेला असतो, खुर्चीत बसून "कमजोरी वाटते", "नस ढिली पडलीय" किंवा "धात जाते" एवढं बोललेलाही असतो. बाई असेल तर "अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते" म्हणते. पुढचं वाक्य आपण बोलायचं असतं आणि तिथे आपण बी-कॉम्प्लेक्स लिहून देतो. गाडी आपल्यापाशी अडते.

सगळ्यात आधी अडते ती भाषा. आपण हे सगळं इंग्रजीतून शिकलो. मराठीत बोलायला गेलं की एकीकडे समागम, शिश्न, शीघ्रपतन हे पुस्तकी शब्द, जे घरात कुणीच उच्चारत नाही, आणि दुसरीकडे शिव्या. मधले शब्द आपल्या तोंडात बसलेले नसतात, म्हणून जीभ चाचरते, आणि डॉक्टर चाचरला की पेशंट मिटतो. तेव्हा शब्द आधी ठरवून ठेव. 'संबंध', 'ताठपणा', 'वीर्य लवकर पडणं', 'पाळीची जागा' हे सगळ्यांना कळतात आणि कुणाला टोचत नाहीत. मात्र पेशंटच्या शब्दाचा अर्थ गृहीत धरू नकोस. 'कमजोरी' म्हणजे एकाला ताठपणा न येणं, दुसऱ्याला इच्छाच न होणं, तिसऱ्याला स्वप्नात वीर्य जाणं, ज्यात आजार काहीच नाही. "कमजोरी म्हणजे नेमकं काय होतं?" एवढं विचारलंस तरी निम्मं निदान होतं.

कर्वे रस्त्यावरून आपण इतके वेळा गेलो. रस्त्याला ज्यांचं नाव आहे त्या महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव. त्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि हा विषय मराठीत मांडला. त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. इतक्या वर्षांनंतर आपल्याला बंद खोलीत एक प्रश्न विचारता येत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता खोलीचं. पेठेतले दवाखाने तू पाहिलेत: एक गाळा, मध्ये प्लायवुडचं पार्टिशन, तेही छतापर्यंत न गेलेलं, आणि पलीकडच्या बाकावर पेशंटच्याच गल्लीतली माणसं. तिथे कोण तोंड उघडणार? पार्टिशन वरपर्यंत नेऊन घे, बाकं दारापासून लांब सरकव, बाहेर पंखा किंवा रेडिओ चालू असू दे. सोबत बायको, आई, सासू असेल तर "तपासायचंय, दोन मिनिटं बाहेर बसा" हे प्रत्येक पेशंटच्या बाबतीत म्हण. ठरावीक लोकांनाच एकटं घेतलंस की बाहेर कुजबुज सुरू होते. बाईला तपासताना मदतनीस बाई हजर हवीच. पण तीही बहुधा त्याच वस्तीतली असते, म्हणून इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही हे तिला स्पष्ट सांगून ठेव, आणि बोलणं आधी, तपासणी नंतर असा क्रम ठेव.

विचारायचं कसं? मधुमेहाचा पन्नाशीचा पेशंट घे. "पायाला मुंग्या येतात का? रात्री लघवीला किती वेळा उठता?" या ओघातच, त्याच आवाजात म्हण: "शुगर असलेल्या बऱ्याच पुरुषांना संबंधांच्या वेळी ताठपणा कमी येतो. तुम्हाला तसं होतं का?" आधी 'बऱ्याच पुरुषांना' म्हटल्याने तो एकटा पडत नाही. त्या क्षणी केसपेपरवर लिहू नकोस. पेन खाली ठेव आणि पाच सेकंद गप्प राहा. हे पाच सेकंद फार लांब वाटतात, पण ते आपणच भरून काढले की तो "नाही, तसं काही नाही" म्हणून उठतो.

तो बोलायला लागला तर पुढे काय, ही भीती मला सगळ्यात खरी वाटते. जॅक ॲनन यांनी १९७६ साली यासाठी चार पायऱ्या मांडल्या: बोलायची मुभा, थोडी माहिती, नेमका सल्ला, आणि शेवटी तज्ज्ञाकडचे सखोल उपचार. पहिल्या दोन कुठल्याही फॅमिली डॉक्टरला जमतात आणि पुष्कळांचं काम तेवढ्यात होतं. सगळं आपणच सोडवायचं, असं मनावर घेतलं की विचारायचं धाडस होत नाही.

ताठपणाच्या तक्रारीत सकाळी उठताना ताठपणा असतो का, हे विचार. असेल आणि त्रास अचानक सुरू झाला असेल तर मनाकडे आणि नात्याकडे बघ. हळूहळू वाढत गेला असेल तर रक्तवाहिन्यांकडे. लिंगाची रोहिणी १ ते २ मिलिमीटरची, हृदयाची ३ ते ४ ची, त्यामुळे अडथळा बऱ्याचदा लहान नळीत आधी जाणवतो. म्हणून बीपी, उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन बघ. चालू गोळ्याही वाच. बीपीच्या ॲटेनोलॉल, थायाझाइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी ताठपणा कमी होऊ शकतो. आपणच दिलेल्या गोळीने त्रास होतो, पेशंट न सांगता ती बंद करतो, आणि आपण बीपी का वाढलं म्हणून डोस वाढवतो!

ताठपणासाठीची सिल्डेनाफिल ही गोळी दिलीस तर समजावून दे: साधारण ५० मिलिग्रॅम, तासभर आधी, तेलकट-तुपकट जेवणावर नको, आणि इच्छा नसेल तर नुसत्या गोळीने काही होत नाही. हे न सांगितल्यामुळे पहिल्याच रात्री "औषध फेल" ठरतं. त्याआधी मात्र छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, म्हणजे नायट्रेटची गोळी, जवळ असते का, हे विचारायलाच हवं. दोन्ही मिळून बीपी जिवावर बेतेल इतकं खाली येतं. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. आपण विचारत नाही म्हणून माणूस दुकानातून परस्पर गोळी आणतो, तेव्हा हे त्याला कोण सांगणार? 'गुप्तरोगावर हमखास इलाज' अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच.

बायकांना तर कुणी विचारतच नाही. बाळंतपणाच्या टाक्यांनंतर, अंगावर पाजताना आणि पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे दुखतं. "आत जाताना दुखतं की खोलवर?" या एका प्रश्नाने दिशा कळते. पाण्यावर आधारलेलं जेल सुचव. खोबरेल आणि निरोध एकत्र नको, तेलाने रबर फाटतं. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही म्हणून आलेल्या जोडप्याला तपासण्या लिहिण्याआधी "संबंध पूर्ण होतात का?" हे विचार. स्नायू घट्ट आवळले जात असतील तर जबरदस्तीने स्पेक्युलम (आतून तपासायचं उपकरण) घालू नकोस. भीती आणखी पक्की होते.

समोरच्या मुलीचं वय अठराच्या आत असेल आणि संबंध आल्याचं कळलं तर पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. हे बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांग, नाहीतर त्या मुलीला आपण फसवलं असं वाटेल.

आणि उठून दाराच्या कडीला हात लावल्यावर जो "डॉक्टर, अजून एक होतं..." म्हणतो, त्याला "पुढच्या वेळी बघू" म्हणू नकोस. खरं तो त्या एका वाक्यासाठीच आलेला असतो. बसवून घे, दोन मिनिटं ऐक आणि त्याच आठवड्यातली संध्याकाळची शेवटची वेळ दे. चिठ्ठीवर फक्त 'फेरतपासणी' लिही, कारण ती फाइल घरात सगळे उघडतात.

वहिनींना नमस्कार. पार्टिशनचं काम करशील तेव्हा कळव, सुतार इथून पाठवतो.

तुझा,
अविनाश