माननीय आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र : दुसरी शस्त्रक्रिया टाळायची, पण कोणाची?

माननीय आरोग्यमंत्री,

स. न. वि. वि.

मूत्राशयाच्या कर्करोगाची गाठ काढून झाली की अनेकांना डॉक्टर सांगतात, "काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघू." मलाही सांगितलं होतं. आता लघवीच्या जनुकीय तपासणीने ही दुसरी खेप टाळता येईल, अशी आशा निर्माण झाली आहे. तिच्याबद्दल घोषणा करण्याआधी हे पत्र वाचावं, ही विनंती.

दुसरी शस्त्रक्रिया उगाच करत नाहीत. दुर्बिणीतून गाठ तुकड्यातुकड्यांनी खरवडून काढतात, त्यात थोडी मागे राहू शकते. टी१, म्हणजे अस्तराखालच्या थरात शिरलेली गाठ असेल, तर साधारण निम्म्या रुग्णांत दुसऱ्या वेळी कर्करोग सापडतो. काहींत तो स्नायूपर्यंत पोचलेला निघतो आणि उपचारच बदलतात. कधी मूत्राशय काढण्यापर्यंत गोष्ट जाते.

उरलेल्यांच्या वाट्याला मात्र पुन्हा भूल, पुन्हा कॅथेटर, आणि पिशवीतली लघवी लालची गुलाबी, गुलाबीची पिवळी कधी होते याकडे डोळे लावून बसणं. क्वचित मूत्राशयाला छिद्रही पडतं. बीसीजीचे, म्हणजे रोग परत येऊ नये म्हणून मूत्राशयात सोडायच्या औषधाचे, डोस लांबतात ते वेगळंच. माझ्या दुसऱ्या अहवालात 'गाठीचा अंश आढळला नाही' असं होतं. आनंद झालाच, पण हे आधी कळलं असतं तर, असंही वाटलं.

ते आधी कळण्याची शक्यता या तपासणीत आहे. अस्तरातून सुटलेल्या पेशी आणि डीएनएचे तुकडे लघवीत उतरतात. टर्ट जनुकाच्या नियंत्रक भागातला बदल या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठींत असतो. एफजीएफआर३ आणि टीपी५३ या जनुकांमधले बदलही नेहमीचे. पहिल्या गाठीत सापडलेले बदल नंतरच्या लघवीत शोधता येतात.

अडचण निकालाच्या अर्थाची आहे. निकाल पॉझिटिव्ह आला तरी रोग किती खोल गेलाय ते कळत नाही. त्यासाठी तुकडाच लागतो. शिवाय निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही वयानुसार असे काही बदल साचतात. निगेटिव्ह निकाल चुकला तर त्याहून वाईट : शस्त्रक्रिया रद्द, रोग आत, आणि रुग्ण निर्धास्त.

म्हणून सरकारने पैसा द्यावा तो आधी अभ्यासाला. दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाची लघवी घ्यावी, निकाल सर्जनपासून झाकून ठेवावा, शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे सगळ्यांची करावी आणि मग दोन्ही अहवाल ताडून पाहावेत. यात रुग्णाचं काहीच जात नाही, कारण शस्त्रक्रिया होणारच असते. निगेटिव्ह सांगितलेल्यांपैकी किती जणांत रोग निघाला, हा आकडा जाहीर व्हावा. किट विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात तो ठळक छापला जाईल, असं मला तरी वाटत नाही.

दुसरी मागणी आजच पूर्ण होण्यासारखी आहे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या तुकड्यात स्नायूचा थर आला होता की नाही, हे पॅथॉलॉजी अहवालात लिहिणं सक्तीचं करा. तो आलाच नसेल तर रोगाची खोली ठरलेलीच नसते, आणि अशा रुग्णाची दुसरी शस्त्रक्रिया लघवीचा निकाल बघून रद्द करण्याची मुभा कोणालाही देऊ नका.

आपला,
मूत्राशयाच्या कर्करोगाचा एक रुग्ण