दुर्बीण आठची की दहाची, एवढं सांग

मित्रा,

फोनच करणार होतो. तीनदा नंबर काढला आणि ठेवून दिला, कारण मध्येच तू "बरं, मग?" म्हणाला असतास आणि मी विषय बदलला असता. लिहिताना तरी तुझं तोंड बंद असतं. आठ महिने झाले, मी काही लिहिलं नाही, तूही नाहीस, पण पाळी तुझी होती असं मी धरून चाललोय. तब्येत बरी आहे, गुडघा होता तिथेच आहे, चष्म्याचा नंबर वाढला.

आता मुद्द्याचं. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

मागच्या शनिवारी मक्याच्या कडेला एकटाच बसलो होतो. परवाना, परवानगी, सगळं रीतसर, डुकरांनी अर्धा मका लोळवलेला. सूर्य बुडून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. कडेच्या झुडपात काहीतरी हललं. करडं, गोल, खाली वाकलेलं, थांबत थांबत पुढे सरकणारं, अगदी उकरत चालल्यासारखं. सत्तर-ऐंशी पावलांवर. मी रायफल उचलली आणि स्कोपमधून, म्हणजे रायफलवरच्या नेमाच्या नळीतून, बघितलं. नीट दिसेना म्हणून अजून थोडा वेळ बघितलं. क्रॉस बरोबर पाठीवर. आणि ती पाठ सरळ झाली रे. कमरेवर एक हात ठेवून उभी राहिली, आपल्या आया राहायच्या तशी. करडी चादर अंगाभोवती घेतलेली बाई होती, काटक्या वेचत होती.

बोट ट्रिगरवर नव्हतं. सेफ्टी लावलेली होती. दिवसा लिहितोय म्हणून ठाम लिहितोय, रात्री तीनला जाग येते तेव्हा इतकं ठाम नसतं. तिला काहीच कळलं नाही, ती परत वाकली. मी बोल्ट उघडला, काडतूस काढलं आणि घरी पोचेपर्यंत मुठीत धरून चाललो. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर त्याचा वण उठला होता.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. "ओळखायचं दुर्बिणीने, स्कोप फक्त नेमाला." वीस वर्षं ऐकतोय. स्कोपमधून बघायचं म्हणजे ज्याच्याकडे बघतोय त्याच्यावर नळी रोखायचीच, हे मी नवीन पोरांना स्वतः शिकवलंय, तेही तुझ्याच आवाजात. आणि तरी त्या दिवशी दुर्बीण पिशवीतच होती.

ती का होती ते ऐक, आणि हसू नकोस. मी ऑनलाइन घेतली होती, "१० ते १०० झूम", पुढची काच ३० मिलिमीटर. तू असतास तर तिथेच भागाकार करून तोंडात मारला असतास. ३० भागिले १०, म्हणजे डोळ्यात शिरणारा उजेडाचा ठिपका फक्त ३ मिलिमीटरचा, आणि झूम शंभरवर नेला की ०.३, सुईच्या भोकातून रान बघायचं! वर त्या काचा माणकासारख्या लालभडक. मला वाटलं भारी कोटिंग असणार. नंतर कळलं की तो लाल उजेड काच परत बाहेर फेकते म्हणूनच ती लाल दिसते, आत येतं ते सगळं निळसर-हिरवट. म्हणजे डुक्कर शोधायला निघालोय आणि तपकिरी रंगच गायब. चष्मा लावून बघितलं तर मधोमध नाण्याएवढं गोल दिसायचं, चष्मा काढला तर पाच मिनिटांत डोकं दुखायचं. दोन वेळा काढली, तिसऱ्यांदा काढलीच नाही.

पण खरं कारण ते नाही. खरं कारण तुझी ती पोरो आहे, जुन्या घाटाची वाकड्या नळ्यांची दुर्बीण.

हो, तीच. मी खडकावर आपटली ती. तू पहिल्या दिवशी म्हणालास "काही नाही झालं रे", आणि महिन्याभराने कपाळ दाबत आलास. दोन नळ्यांची रेष सुटली होती, तुला सगळं जोडीने दिसत होतं. त्या रात्री गच्चीवर तू चंद्राकडे बघून म्हणालास, "दोन दिसतायत, एक तुझा, घेऊन जा," आणि मी हसलो. हसायला नको होतं. मग तू दुरुस्तीचे पैसे मागितलेस, मी म्हटलं पडलीच कुठे, टेकली फक्त. दोन वर्षं बोललो नाही आपण. तेव्हापासून मी दुर्बीण गळ्यात घालणंच सोडलं, "रायफलला स्कोप आहे की" म्हणत फिरलो. म्हणजे तुझ्यावरच्या रागात मी इतकी वर्षं स्कोपमधून रान बघतोय. कसला माणूस आहे मी!

तर आता दुर्बीण घ्यायची आहे, स्वस्तात पण नीट, आणि आठवडाभर माझं दुसरं काही चाललेलं नाही. बायको म्हणते मुलीचं स्थळसुद्धा इतकं पारखलं नव्हतंस. आकाराचं नक्की केलं, ४२ची काच. ५६ मोहात पाडते, ८×५६, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ५६ मिलिमीटरची, तिचा ठिपका ७ मिलिमीटरचा, तिन्हीसांजेला राजा. पण तरुणपणी अंधारात बुबुळ सातपर्यंत उघडतं, आपल्या वयात बहुतेकांचं पाचच्या आसपास अडतं, म्हणजे उरलेला उजेड पापणीवर सांडायचा आणि किलोभराचा दगड गळ्यात वागवायचा. ८×४२ला सव्वापाच येतो, आपल्याला बेतलेला. १०×४२ला ४.२. दहात शिंगं, कान, दात जवळ येतात खरे, पण हातही दहापट थरथरतो, आणि चढ चढून धाप लागलेली असली की विचारू नकोस. आठमध्ये हजार मीटरवर साधारण १२० मीटर रुंद पट्टा मावतो, दहात शंभरच्या आसपास. झाडीत मला रुंद बरं वाटतं. पण दुकानातला पोरगा दहा-दहा करत होता आणि मी डळमळलो.

त्या दुकानात दोन तास होतो. हातभर लांब धरून उजेडाकडे केली आणि मागच्या काचेतला ठिपका बघितला, तू शिकवलंस तसं. एकीत तो गोल होता, दुसरीत कडा कापल्यासारखा, पतंगासारखा चौकोनी, करड्या कडांचा. आत चित्र सुलटं करणारं काचेचं प्रिझम हलक्या प्रतीचं, ठेवली खाली. मग समोरच्या खांबावर धरून डोळ्यांपासून हळूहळू लांब नेली, खांबाचे दोन होतायत का बघायला. पोरगा विचारतो, "काका, काय करताय?" म्हटलं, जुनं देणं आहे. कोटिंगचं म्हणशील तर नुसतं "कोटेड" लिहिलेलं घेणार नाही, "फुल्ली मल्टी-कोटेड"च, म्हणजे प्रत्येक काचेवर अनेक थर दिलेलं. बिनकोटिंगच्या काचेच्या एकेका पृष्ठभागावर चारेक टक्के उजेड परत जातो, आणि दुर्बिणीत असे दहा तरी असतात, म्हणजे तिसरा हिस्सा उजेड गेलाच की. तो उजेड वाचवणाऱ्या कोटिंगची युक्ती झाइस कंपनीतल्या स्मकुलाने १९३५ साली काढली, तुझ्यासारखाच चिकट असणार. चष्म्यासाठी मागची काच आणि डोळा यांत १६ मिलिमीटर तरी अंतर सुटायला हवं, तेही मोजून घेतलं.

अडलंय ते पोरो की रूफ, म्हणजे सरळ नळ्यांची, यावर. तेवढ्याच पैशात पोरोचं चित्र जास्त चांगलं, हे मला तिथेच दिसलं. स्वस्त रूफमधलं चित्र पिठूळ, त्या प्रिझमवर फेज कोटिंग, म्हणजे चित्र ठसठशीत ठेवणारा थर, नसलं की असंच होतं. आता स्वस्तातल्याही बऱ्याच रूफवर ते असतं, पण खोक्यावर लिहिलेलं शोधून बघावं लागतं. पोरोचं फोकस फिरवलं की दोन्ही नळ्यांना जोडणारा मागचा पूल मागे-पुढे होतो, पाणी, धूळ तिथूनच शिरतात, आणि पावसात भिजून मग बुरशी. रूफ नायट्रोजन भरून बंद केलेली मिळते, वर रबर, रायफलच्या दस्त्यावर आपटली तरी टणकन वाजत नाही. शेवटी संध्याकाळी परत गेलो आणि दिवे लागल्यावर दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या झाडाखालच्या अंधारात दोन्ही धरल्या. दुपारी सगळ्याच सारख्या दिसत होत्या. अंधारात पोरोने बाकाचा पाय दाखवला, रूफने नुसता बाक. कुणी वाकलेलं असतं तर पोरोत कळलं असतं. बाहेर आलो, घेतली नाही. तुला विचारल्याशिवाय हात होईना.

बाकी तू कसा आहेस, वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना, पोरगा नोकरीत टिकला का या वेळी, आणि ती भाडेकरूंची भानगड मिटली का, सगळं सविस्तर कळव, मी खरंच वाचतो.

रायफल कुलपात आहे. त्या कडेला दोनदा जाऊन आलो, मोकळ्या हाताने, काही दिसतं का बघायला.

तुझी ती पोरो अजून ट्रंकेत असली तर पाठवून दे. प्रिझमचे स्क्रू फिरवून दोन्ही नळ्या परत एका रेषेत आणणारा एक म्हातारा कारागीर सापडलाय, खर्च माझा, बावीस वर्षं उशिरा का होईना. नीट झाली की तुझी तुला परत. विकली असलीस तर शिव्या घाल आणि एका ओळीत सांग, आठ की दहा?

तुझा,
खडकावर आपटणारा