नोटिशीखाली सही कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे किती नोकऱ्या जातील, यावर आपल्या वृत्तपत्रात आणि इतरत्रही बरेच लिहून येते. ज्यांच्या नोकऱ्या राहणार आहेत त्यांच्याशी त्यांचा साहेब यापुढे कसा वागणार, याबद्दल मात्र कुणी फारसे बोलत नाही. माझी सगळी नोकरी हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत, कार्मिक विभागात गेली. हजेरी, रजा, पगार, शिस्तभंगाच्या चौकशा, युनियनशी बोलणी हेच काम. त्या अनुभवावरून सांगतो, एआयने साहेबाचे काम हलके केले तर मला आनंदच आहे. साहेबाला माणसासमोर उभे राहण्यातूनही ते मोकळे करू लागले आहे, याची मला काळजी वाटते.

निवृत्त झालो तरी ओळखीचे कामगार कागद घेऊन घरी येतात. कुणाचा पीएफ अडकलेला, कुणाची ग्रॅच्युइटी. यंदा उन्हाळ्यात एक ऑपरेटर आला तो नुसता मोबाइल घेऊन. कंपनीच्या ॲपवर त्याला नोटीस आली होती. भाषा स्वच्छ, शुद्धलेखनाची एक चूक नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी उशिरा येण्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे आढळले आहे, तीन दिवसांत ॲपवरच खुलासा करावा, अन्यथा पुढील कारवाई होईल. खाली कुणाची सही नाही. ‘मानव संसाधन विभाग’ एवढेच. या माणसाच्या बायकोचे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात डायलिसिस चालू आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी तिला तिथे पोचवून, नंबर लावून, मेव्हणीला बसवून मग तो बुटीबोरीची वाट धरतो. “सायेब, कोनी इचारलं असतं त मी सांगतलं नसतं का जी? सुपरवायझर त रोज माह्या समोरूनच जाते,” तो म्हणाला.

यंत्राने वार अगदी बरोबर हेरले होते. कुठल्याही टाइमकीपरच्या आधी हेरले, हे मान्य केले पाहिजे. त्या दोन वारांना काय असते, हे विचारायला मात्र कुणीतरी त्याच्या मशीनपाशी जाऊन उभे राहायला हवे होते.

त्याच्या पुतण्याने तोवर एआयकडूनच खुलासा लिहून घेतला होता. दोन पाने, इंग्रजीत, मुद्देसूद. यंत्राने विचारले होते, यंत्रच उत्तर देणार होते आणि ज्या दोघांनी दहा मिनिटे बोलायला हवे ते एका छताखाली काम करूनही बोलणार नव्हते. मी तो खुलासा बाजूला ठेवायला लावला आणि त्याला सोबत घेऊन कंपनीत गेलो. व्यवस्थापक तरुण, सालस. त्याने ती नोटीस पाहिलेलीच नव्हती. “सिस्टीममधून गेली असेल,” म्हणाला. सगळे ऐकल्यावर त्याने तिथल्या तिथे त्या दोन दिवसांसाठी सेकंड शिफ्ट लावून दिली. पण नोटिशीची नोंद काढून टाका म्हटल्यावर अडला. ती नोंद काढण्याचा अधिकार कुणाचा, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने दोन ठिकाणी फोन करून पाहिले, त्यांनाही सांगता येईना. माझ्या माहितीप्रमाणे नोंद अजून तशीच आहे. पगारवाढीच्या वेळी ती पुन्हा पुढे आली, तर तेव्हाही तिचे उत्तर द्यायला कुणी नसेल.

शिक्षेआधी कामगाराचे म्हणणे ऐकायचे, ही रीत आमच्या क्षेत्रात १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यापासून रुजलेली. आरोपपत्र सहीनिशी द्यायचे, चौकशी अधिकारी नेमायचा, कामगाराला सोबत आपला सहकारी बसवू द्यायचा. ही पद्धत वेळखाऊ होती आणि तिच्यात देखावाही पुष्कळ चाले. तरी आरोप करणाऱ्याला नाव असे, आणि त्याला समोर बसून प्रश्न ऐकावे लागत.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते वर्क्स मॅनेजर वाईट बातमी कधीच कागदावरून देत नसत. बढती नाकारली, बदली झाली, ओव्हरटाइम बंद झाला, काहीही असो. त्या माणसाला कँटीनमध्ये घेऊन जायचे, चहा सांगायचा आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचे. एकदा एका फिटरने भर कँटीनमध्ये त्यांना नाही नाही ते ऐकवले. चाळीस-पन्नास माणसे बघत होती. साहेब उठले नाहीत, आवाज चढवला नाही. फिटरचे बोलून संपल्यावर एवढेच म्हणाले, “तुझं खरं आहे ते मी वर सांगेन, पण निर्णय माझा आहे.” त्या फिटरने पुढे कित्येक वर्षे त्याच साहेबांसाठी रात्री-बेरात्री येऊन मशीन चालू करून दिली. समोरच्याचा राग झेलणे हा नेतृत्वातला सगळ्यात नकोसा भाग आहे, आणि आजची साधने नेमक्या त्याच भागातून साहेबाची सुटका करतात. नकाराचे पत्र यंत्र लिहिते, ॲप पोचवते, आणि राग कुणावर काढायचा हे कामगाराला कळत नाही. मग तो राग घरी जाऊन निघतो.

शोकसंदेशांचेही तेच चालले आहे. आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर एक जण गेल्याचे कळले, आणि ज्यांच्या हाताखाली त्याने उमेद घालवली त्या अधिकाऱ्यांचा संदेश मिनिटाच्या आत आला. ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’. गेलेला गडी अतिशय तापट होता, आणि काटोलच्या आपल्या बागेतली संत्री दर मृगबहाराला न चुकता याच साहेबांच्या घरी पोचवायचा. त्या संत्र्यांबद्दल एक ओळ मोडक्यातोडक्या मराठीत आली असती, तर त्याच्या मुलाने ती जपून ठेवली असती.

माझा यंत्राला विरोध नाही. महाराष्ट्र पोलिसांनी २०२४ मध्ये ‘मार्वल’ ही एआय वापरणारी संस्था याच शहरात, आयआयएम नागपूरला सोबत घेऊन सुरू केली, याचा मला नागपूरकर म्हणून अभिमान आहे. ऑगस्ट २०२५ मधली घटना वाचकांना आठवत असेल. राखीच्या दिवशी नागपूर-जबलपूर महामार्गावर ट्रकच्या धडकेत एका बाईचा जीव गेला. तिच्या नवऱ्याने मदतीसाठी हात केले, कुणी थांबेना, आणि शेवटी त्याने तिचा मृतदेह मोटारसायकलला बांधून नेला. ट्रकवर लाल खुणा होत्या एवढ्याच माहितीवरून पोलिसांनी टोलनाक्यांचे सीसीटीव्ही चित्रण एआयने तपासून तो ट्रक शोधून काढला. माणसाच्या डोळ्यांना त्या कामी किती दिवस लागले असते कोण जाणे. अशा कामाला यंत्र जरूर लावावे, आणखी लावावे. गाडी थांबवून खाली उतरणे मात्र त्या रस्त्याने गेलेल्या माणसांकडेच होते.

नवे यंत्र आणि माणसांची कदर या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे या शहराने फार पूर्वी पाहिले आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथे सुरू झाली. सूतकताईचे रिंग स्पिंडल हे त्या काळचे अगदी नवे तंत्र. इंग्लंडातल्या गिरण्यांचाही त्यावर फारसा विश्वास बसलेला नसताना ते इथे चालवून पाहिले गेले. त्याच मिलला गैरहजेरीने सतावले होते. दंड लावणे सोपे होते. तिथल्या चालकांनी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला, १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई देऊ लागले, हवेशीर खोल्या आणि बक्षिसांचे समारंभ वेगळेच. मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता मूळचे रेल्वेतले, गिरणीचा अनुभव नसलेले. माणूस का येत नाही, हा प्रश्न या मंडळींनी आकड्यांच्या पलीकडे जाऊन विचारला होता. मिलचा शेवट दुःखद झाला, तिच्या बंद पडण्याने पोळलेली कुटुंबे माझ्या ओळखीची आहेत, त्यामुळे मी तिचे गोडवे गात नाही. पण गैरहजेरीचा तक्ता हातात आल्यावर काय करायचे, याचा धडा आपल्याला बाहेरून आणायची गरज नव्हती.

यंत्राच्या आड बसल्याने मोठमोठी सरकारेही कशी बुडतात, ते नेदरलँड्समध्ये दिसले. तिथल्या कर खात्याने पाळणाघराच्या भत्त्यात लबाडी कोण करते हे ठरवायला संगणकाने जोखमीचे गुण देण्याची पद्धत आणली. डच नागरिकत्व नसणे हा तिच्यात संशयाचा एक निकष होता. हजारो पालकांवर लबाडीचा शिक्का बसला. बारीकशा चुकीसाठी वर्षानुवर्षांचा भत्ता परत मागितला गेला, लोक कर्जात बुडाले, संसार मोडले. पालक सांगत होते, पण ज्याच्यापुढे सांगायचे त्याच्या हातात काही नव्हते, आणि ज्याच्या हातात होते तो त्यांना भेटत नव्हता. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

नेत्याने लोकांना सामोरे जाण्याचे मोल नागपूरला कुणी शिकवायला नको. हिवाळी अधिवेशनात मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला किंवा टेकडी रोडवर अडवले जातात, आणि मग सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते. निवेदन घ्यायला कोण येणार? २३ नोव्हेंबर १९९४ रोजी मोर्चा घेऊन आलेले गोवारी समाजाचे बांधव असेच वाट पाहत होते, आपले म्हणणे ऐकायला सरकारकडून कुणीतरी येईल म्हणून. त्या संध्याकाळी चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यांत बहुतेक बाया आणि लेकरे. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. तेव्हा कुठले एआय नव्हते. म्हणूनच मला वाटते की लोकांपासून दूर राहण्याची सत्तेची जुनी सवय आता फार स्वस्तात आणि फार सभ्य भाषेत भागवता येईल. निवेदनाला क्षणात उत्तर मिळेल, नम्र, मुद्देसूद, आणि ते कुणीही वाचलेले नसेल.

कायद्यात काय करता येते, हे युरोपने दाखवले आहे. तिथे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण कायद्याने, आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेतला असेल तर तो माणसाकडून तपासून घेण्याचा हक्क दिला आहे. फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी चेहरा किंवा आवाज यांवरून कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखू पाहणाऱ्या यंत्रणांवरही तिथे बंदी आली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळून. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. निर्णय माणसाकडून तपासून घेण्याचा हक्क त्यात नाही.

तोवर कारखानदारांना, महाविद्यालयांच्या प्राचार्यांना, पतसंस्थांच्या आणि रुग्णालयांच्या प्रमुखांना एवढे करता येईल. ज्याने कुणाचा पगार, काम, प्रवेश किंवा मान कमी होतो अशा प्रत्येक पत्राखाली एका माणसाचे नाव आणि फोन नंबर असावा, आणि ते पत्र मागे घेण्याचा अधिकार त्याच माणसाला असावा. पत्र जाण्याआधी त्याने संबंधिताशी प्रत्यक्ष बोलावे. यंत्रामुळे वाचलेला वेळ नव्या तक्त्यांत न घालवता सकाळची एक फेरी शॉप फ्लोअरवर, वॉर्डात किंवा वर्गाबाहेर मारावी. याला खर्च काहीच नाही.

आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळ इथे भरेल तेव्हा विदर्भातल्या आमदारांनी दोन गोष्टी कराव्यात. यंत्राच्या निर्णयाची माणसाकडून फेरतपासणी व्हावी ही मागणी सभागृहात मांडावी, निदान राज्य सरकारच्या स्वतःच्या कार्यालयांपुरती. आणि आपल्या कार्यालयातून नागरिकांच्या निवेदनांना जी उत्तरे जातात, त्यांवर ते निवेदन कुणी वाचले त्याचे नाव आजपासूनच घालायला लावावे.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी,
त्रिमूर्तीनगर, नागपूर