ई-कचऱ्याची स्पर्धा जरूर घ्या, पण किलोवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंद पडलेले मोबाइल, चार्जर, कीबोर्ड, सेट टॉप बॉक्स गोळा करण्याची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नाशिकमध्ये व्हावी, असे मला बऱ्याच दिवसांपासून वाटते. गणेशविसर्जनाला गोदाकाठी उभे राहून मूर्ती आणि निर्माल्य स्वीकारणारी कॉलेजची मुले या शहराने वर्षानुवर्षे पाहिली आहेत. तेव्हा मुले हे करतील का, ही शंका मला नाही. शंका आहे ती गुण कसे देणार याची.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक विभागातून प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून निवृत्त झालो. ‘सर्वांत जास्त किलो, त्याला ढाल’ असा नियम केलात तर निकाल आजच सांगतो. ज्यांच्या जिन्याखालच्या खोलीत जुने डबा मॉनिटर जास्त, ते पहिले. असा एक मॉनिटर सहज बारा-पंधरा किलो भरतो आणि मोबाइल दीडशे ते दोनशे ग्रॅम. सिडको, इंदिरानगरच्या इमारतींत जिने चढून मुलींनी सत्तर फोन आणावेत आणि शिपायाने हातगाडीवरून ढकलत आणलेल्या एका मॉनिटरने त्यांची बरोबरी करावी, याला स्पर्धा म्हणायचे का?

ते मॉनिटर तिथे आळसापायी पडलेले नाहीत, हेही सांगायला हवे. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढलेली वस्तू निर्लेखनाशिवाय, म्हणजे रीतसर नोंदीतून कमी केल्याशिवाय, जागची हलत नाही. निर्लेखनाला समिती लागते, समितीला बैठक, बैठकीला गणसंख्या. एवढे सगळे पार पडले की दरपत्रके मागवायची आणि ज्याचा भाव जास्त त्याला माल द्यायचा. आता जास्त भाव कोणाला परवडतो? ज्याला पुढच्या विल्हेवाटीवर दमडी खर्चायची नसते त्याला. तो पिक्चर ट्यूबच्या मानेवरची कॉइल काढून तांबे घेतो आणि शिसे असलेली काच कुठल्या तरी नाल्याकाठी ओततो. केबल जाळून तांबे मोकळे करणे हा त्याचाच पुढचा भाग. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार, वर्षभरात अनुसूचीतली हजार किंवा त्याहून जास्त उपकरणे वापरणाऱ्या संस्थेने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करून पुनर्वापरात आणणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायचा आहे. आपल्याकडची मोठी विद्यापीठे आणि अभियांत्रिकी महाविद्यालये हजाराचा आकडा सहज ओलांडत असतील. (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची समिती येणार म्हटले की ‘ई-वेस्ट’ लिहिलेला रंगीत डबा पोर्चमध्ये यायचा, फोटो निघायचा. तो डबा पुढे कुठे जायचा, हे मी निवृत्त होईपर्यंत मला कळले नाही.) म्हणून डेड स्टॉकची विल्हेवाट हे संस्थेचे कर्तव्य आहे. तिला स्पर्धेचे गुण कशाला?

परदेशात कॉलेजांच्या अशा स्पर्धा जुन्या आहेत. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या दोन विद्यापीठांनी २००१ मध्ये पुनर्चक्रणाची चुरस सुरू केली. पुढे शेकडो कॅम्पस त्यात उतरले आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी वेगळा गटही झाला. तिथे एकूण वजनाबरोबर दरडोई हिशेबही धरतात, नाहीतर लहान कॉलेजने उतरायचेच कशाला? आपणही केटीएचएमसारखे हजारो मुलांचे महाविद्यालय आणि दोन तुकड्यांचे डी.एड. कॉलेज एकाच काट्यावर तोलू नये. विद्यार्थीसंख्येने भागावे, किलोऐवजी नग मोजावेत आणि किती वेगवेगळ्या घरांतून आले हेही पाहावे. छोट्या वस्तूंना जास्त गुण द्यावेत, कारण मॉनिटरला भंगारवाला तरी विचारतो; चार्जर आणि इअरफोन थेट घंटागाडीत, सुक्या कचऱ्यात जातात. फोनचे वजन किरकोळ असले तरी ऐवज किरकोळ नाही. टोकियो ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकची मिळून सुमारे पाच हजार पदके जपान्यांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंची होती. त्यांत मोबाइलच ६२ लाखांच्या घरात होते आणि सोने निघाले सुमारे ३२ किलो.

लोक जुना फोन देत नाहीत त्याला माझ्या मते कारण एकच, आतले फोटो. दुकानात दिला तर कोण काय काढील, ही धास्ती. इथे संगणकशास्त्राच्या मुलांना खरे काम आहे. कचरा जमा करायच्या पेटीशेजारी टेबल मांडून मालकासमोरच खाते लॉगआउट करावे, फोन रिसेट करून दाखवावा, हार्ड डिस्कला ड्रिलने भोके पाडावीत. एम. जी. रोडवरचे दोन-चार मोबाइल दुरुस्तीवाले सल्लागार म्हणून बोलवावेत. अर्धे फोन चालू करून देतील. चालू झालेल्या फोनला दुप्पट गुण द्यायला माझी हरकत नाही. फुगलेली बॅटरी मात्र पेटीत टाकू देऊ नये. ती कोणी दाबू किंवा टोचू नये. पत्र्याच्या बादलीत कोरडी वाळू घालून त्यात वेगळी ठेवावी. पेटी वर्गाच्या दाराशी नको, उघड्या व्हरांड्यात असावी.

वेळ म्हणाल तर घट बसायच्या आधीची. पितृपक्षात नवी खरेदी कोणी करत नाही, पण माळे याच दिवसांत रिकामे होतात आणि दिवाळीच्या मागेपुढे परीक्षा असतात. जमा झालेला माल नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे देऊन त्याची पावती आणि नगांची यादी सूचनाफलकावर लागेपर्यंत निकाल जाहीर करू नये. महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) कार्यक्रम अधिकाऱ्यांनी एकत्र बसून एवढे नियम ठरवले, तर दर सोमवारचा गुणतक्ता आपल्या दैनिकाने स्थानिक पानावर छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
गंगापूर रोड, नाशिक