डबा बदलून गरम करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डोंबिवली पूर्वेला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. यंदा एकोणीस वर्षं झाली. संध्याकाळी साडेसातपासून स्टेशनकडून येणाऱ्यांची रांग लागते. तीन पोळ्या, एक भाजी, वरण, कधी भात. घरी जाऊन, हातपाय धुऊन, मुलांचा अभ्यास घेऊन जेवायला बसेपर्यंत दहा वाजतात आणि आमचं पार्सल तसंच्या तसं मायक्रोवेव्हमध्ये जातं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

गेल्या महिन्यात आमचा एक नेहमीचा मुलगा सकाळीच दुकानात आला. मुलगा म्हणजे असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा, दोन मित्रांबरोबर इथे भाड्याने राहतो. हातात आमचाच प्लास्टिकचा डबा, धुतलेला. "काकू, हे बघा." आदल्या रात्री भरल्या वांग्यांचा रस्सा त्याने डब्यासकट तीन मिनिटं लावला होता. रस्सा जिथवर होता बरोबर त्या रेषेत आतून चारी बाजूंनी पांढरट पट्टा उठला होता. मी बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं. एका कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले होते, झाकण मधोमध खाली बसलं होतं. "खाल्लंस का रे ते?" "खाल्लं ना काकू, भूक लागली होती."

त्या दिवशी माझं कामात लक्ष लागेना. त्या खड्ड्यांतलं प्लास्टिक गेलं कुठे, हेच डोक्यात घोळत राहिलं. वांगी मी निवडलेली, तेल मी घातलेलं, डबाही मीच दिलेला.

आमच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त प्राध्यापक आहेत, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांना डबा दाखवला. ते म्हणाले, मायक्रोवेव्ह डब्याला फारसं तापवत नाही. तापतं ते आतलं अन्न, मुख्यतः त्यातलं पाणी, आणि त्या अन्नाची आच डब्याला लागते. पातळ वरण उकळलं तरी 100 अंशांच्या आसपास थांबतं. तेल थांबत नाही. रश्श्यावर तेलाचा तवंग असतो, तो याहून बराच तापतो आणि जिथे डब्याला टेकतो तिथे प्लास्टिक खातो. ती पांढरी रेघ तवंगाची होती. आता भरली वांगी बिनतेलाची कशी करायची? ती तशी होतच नाहीत.

मग त्यांनी डबा उलटा करून त्रिकोणातला आकडा दाखवला. इतकी वर्षं हे डबे शेकड्याने घेते, पण तो आकडा मी कधी वाचला नव्हता. 5 असेल तर पॉलिप्रॉपिलिन, ते बरीच आच सोसतं. 1 असेल तर पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ते 70-80 अंशांनाच मऊ पडायला लागतं. 6 म्हणजे पॉलिस्टायरिन, थर्माकोल त्याचाच. ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नये. आमच्या डब्याच्या बुडाला 5 होता, झाकणाला 1. घाऊक दुकानदाराने मात्र "सगळं चालतं मॅडम" असं सांगून माल दिला होता. आणि बुडाला 5 होता तरी त्या डब्याची ती गत झालीच. 5 पाहून तेलकट रस्सा तीन मिनिटं खुशाल उकळावा, असं कुणी समजू नये.

रांगेतल्या कितीतरी बायका मला सांगतात, "आम्ही मायक्रोवेव्हचं खात नाही हो, अन्नात किरणं उतरतात." त्यांना मनापासून सांगते, ती भीती सोडा. त्या लहरी 2450 मेगाहर्ट्झच्या, घरातल्या वायफायच्या लहरीही तिथल्याच आसपासच्या. त्या एक्स-रेच्या जातीच्या नव्हेत. दिवा मालवला की खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच मशीन बंद झालं की अन्नात काही उरत नाही. काळजी करायची तर डब्याची करा, आणि अन्न मधोमध गार राहतं त्याची.

कारण या लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे फारशा जात नाहीत आणि सगळीकडे सारख्याही पडत नाहीत. रस्सा कडेला खदखदतो आणि वांग्याच्या पोटातला मसाला फ्रिजमधून काढला तसाच गार असतो. म्हणून अर्ध्यावर थांबवून ढवळावं, आणि झाल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवावं म्हणजे आच आतपर्यंत मुरते. वांगं फोडून पाहिल्याशिवाय पानात वाढू नये. पुरणपोळीचं उलट. वरून कोमट लागते आणि आतलं पुरण जीभ भाजतं. लहान मुलाला देण्याआधी तुकडा मोडून पाहावा. बाळाची दुधाची बाटली तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नये. बाहेरून बाटली कोमट लागते आणि आतला एखादा घोट कढत असतो. गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली तरी पाच मिनिटांत काम होतं.

पोळ्यांचं म्हणाल तर ओलसर पंच्यात गुंडाळून दहा-पंधरा सेकंद, त्याहून जास्त नाही. नाहीतर निवताच चिवट होतात आणि मग पोळी आमच्याकडची वाईट म्हणून बोल लागतो. तवा असेल तर तवाच बरा. भात मात्र उशिरा जेवायचा असेल तर घरी पोचताच फ्रिजमध्ये टाका. बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं, ते पुन्हा गरम करून जात नाही.

मी माझ्यापुरतं एवढं केलं. गल्ल्याजवळ पाटी लावली : "डबा बदलून गरम करा. काचेचा किंवा चिनीमातीचा बाऊल वापरा." घरून स्टीलचा डबा आणणाऱ्याला पाच रुपये कमी लावते, तो फक्त न्यायला, मशीनमध्ये ठेवायला नव्हे, हेही प्रत्येकाला सांगते. आतापर्यंत चौदा जण डबा आणायला लागले. बाकीचे कामावरून थेट येतात, त्यांनी दिवसभर लोकलच्या गर्दीत डबा कुठे वागवायचा? त्यांना दोष देववत नाही.

डबे बनवणाऱ्यांकडे माझं मागणं आहे की आकडा झाकणावर आणि बुडावर, दोन्हीकडे छापा, आणि डोळ्यांना दिसेल एवढा छापा. आता तो इतका बारीक आणि बिनरंगाचा असतो की चष्मा लावून, उजेडात तिरपा धरून मला वाचावा लागला. शेजारी मराठीत "मायक्रोवेव्हमध्ये चालेल" किंवा "चालणार नाही" एवढं लिहायला कितीशी शाई लागते? माझ्यासारख्या केंद्र चालवणाऱ्या बायकांनीही माल घेताना झाकण उलटून पाहावं आणि 1 दिसला तर परत करावा. मी मागच्या आठवड्यात दोन गठ्ठे परत केले.

त्या मुलाचा तो खरखरीत डबा मी टाकलेला नाही. गल्ल्यावर ठेवला आहे. विश्वास बसत नाही असं कुणी म्हणालं की हातात देते आणि आतून बोट फिरवायला सांगते.

आपली नम्र,
एक पोळी-भाजी केंद्रचालिका, डोंबिवली (पूर्व)