न्हाणीचं काम स्टुलापासून सुरू करणाऱ्या मेस्तकाकांना

मेस्तकाका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरें, बरें" म्हणून फोन ठेवता. म्हणून चारचौघांत लिहितेय. मुलाकडून वाचून घ्या.

तुमच्या आधीच्या ठेकेदाराची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. तो आला तोच कॅटलॉग घेऊन. पहिला प्रश्न, लादी कुठली? लाद्या बसल्या, मग प्लंबर आला आणि गीझरच्या पॉइंटसाठी त्याच कोऱ्या लाद्या फोडून गेला. कमोड सगळ्यात शेवटी आला, तर त्याचं तोंड पाईपवर बसेना. खालच्या वहिनींच्या छताला ओल दिसू लागली तेव्हा उत्तर तयार होतं: "पावसाची ओल. फोंड्यात हे चालायचंच." गोव्यात पावसावर काहीही खपतं म्हणा! पण शिगमा आटोपला तरी ओल काही वाळेना, आणि तोवर पैसे पोचलेल्या साहेबांचा फोन लागेना.

तुम्ही आलात ते टेप आणि पेन्सिल घेऊन. आम्ही त्याच्या नावानं खडे फोडत होतो, तुम्ही नुसतं हुं हुं करत होतात. मग विचारलंत, "हांगा कोण न्हाता?" जास्त करून आईच, मी म्हटलं, गुडघे दुखतात तिचे.

तुम्ही स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल उचलून आणलंत, खाली फडकं मारलंत आणि त्यावर आईला बसवलंत. "मांय, हात खंय मेरेन पावता तें दाखय." तिचा हात पोचला तिथे भिंतीवर पेन्सिलीनं फुली. नळाला एक, साबणाला एक. मग तिला उठायला सांगितलंत, आणि उठताना तळवा जिथे टेकला तिथे दांड्यासाठी फुली. पुन्हा बसवून पुन्हा उठवलंत आणि ती फुली चार बोटं खाली घेतलीत. आई लाजून हसत होती. घराच्या कामात कुणी तिला मोजमापासाठी विचारावं, हे तिला नवीनच होतं.

पुढचं सगळं त्या फुल्यांच्या मागोमाग आलं. दांड्याजोगी भिंत आधी भरून घेतलीत, कमोड आणि गीझर घरात येऊन पडल्यावरच पाईपला हात लावलात. वॉटरप्रूफिंगनंतर 48 तास पाणी साचवून ठेवलंत. चवथ तोंडावर आलीय म्हणून मी घाई करत होते, तर म्हणालात, "चवथ दर वर्सा येता." कॅटलॉग उघडला तो त्यानंतर.

आणि ते पाणी साचलेलं असताना तुम्ही खाली वहिनींकडे गेलात. चपला दाराबाहेर काढून, "छत पळोवं?" असं विचारून. ओल आधीच्या माणसाची, पण त्यांची माफी तुम्ही मागितलीत. हात चांगला असलेले कारागीर गोव्यात पुष्कळ सापडतील. दुसऱ्याचं निस्तरताना आवाज न चढवणारे किती, ते मला विचारा.

एक तक्रार मात्र आहे. दांड्याचे पैसे तुम्ही हिशोबात धरलेले नाहीत. "तें मांयचें" म्हणून उडवून लावलंत. आईला हे मुळीच मान्य नाही. तिनं पाकीट करून ठेवलंय. चवथीला तुमच्याकडेही गडबड असणार, तेव्हा विसर्जन झालं की या. नेवऱ्या राखून ठेवते, पण पाकीट आधी घ्यावं लागेल.