बाबांच्या सायकलला खिळ्यांचे टायर

पुणे, ४ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांनी तिथे दादाकडे, फिनलंडमधल्या ओउलूत, हिवाळ्यातही सायकल चालवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दादाचा काल फोन आला तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं. तो काळजीपोटी नको म्हणतो, ते मला समजतं. आई, तू फोनवर म्हणालीस, "मनूनं तिथं हिवाळे काढलेत, ती सांगेल ते करू." म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. माझी एकच अट आहे : सायकलच्या दोन्ही चाकांना स्टडचे, म्हणजे बारीक खिळ्यांचे, टायर बसल्याशिवाय बाबांनी फाटकाबाहेर पडायचं नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, ओउलूत कितीतरी लोक साध्या टायरवर हिंडतात, मग मलाच का? खरं आहे. ते गावच तसं आहे. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तिथंच भरली होती. शाळेतली मुलं, पिशव्या अडकवलेल्या बाया, तुमच्या वयाचे आजोबा, सगळे बर्फातून सायकलनं जातात. सायकलच्या वाटांवरचं बर्फ दाबून घट्ट केलेलं असतं आणि वर खडी टाकलेली असते. उणे पंधराला असं कोरडं, दाबलेलं बर्फ साध्या टायरलाही बऱ्यापैकी धरतं. पण ती माणसं लहानपणापासून त्याच वाटांवर पडत-उठत मोठी झाली आहेत. पडल्यावर अंग कसं टाकायचं हे त्यांच्या अंगात मुरलंय. शिवाय विशीत पडणं वेगळं आणि एकाहत्तराव्या वर्षी पडणं वेगळं. बर्फावर चाक सटकतं तेव्हा माणूस आडवा पडतो, हात टेकायला वेळच मिळत नाही. सगळा भार कोपरावर आणि खुब्यावर येतो. आजी मोरीत पडली आणि तिचा खुबा मोडला, त्यानंतरचं वर्ष आपण सगळ्यांनी पाहिलंय. मी दादाइतकीच घाबरते, बाबा. फक्त त्या भीतीवर सायकल बंद करणं हा माझ्या मते उपाय नाही.

आता थंडी जास्त म्हणजे धोका जास्त, असं आपल्याला पुण्यात बसून वाटतं. तिथं उलटं आहे. सर्वांत वाईट दिवस शून्याच्या आसपासचे. वरचं बर्फ थोडं वितळून त्यावर पाण्याचा पातळ थर येतो आणि मग रबराला धरायला काही उरत नाही. जूनच्या पहिल्या सरीनंतर कर्वे रस्ता कसा तेलकट होतो आणि वळणावर दुचाक्या कशा घसरतात, ते आठवा. तसंच, पण कितीतरी पट जास्त. तुम्ही एप्रिलमध्ये परत येणार, म्हणजे नेमका मार्च तिथं काढणार. मार्चमध्ये दुपारी वितळतं, रात्री गोठतं आणि सकाळी वाटेवर काच पसरल्यासारखं बर्फ असतं. त्या दिवसांसाठी हे टायर आहेत. नक्षी कितीही खोल असली तरी गुळगुळीत बर्फावर रबर काही करू शकत नाही, तिथं टोकच रुतावं लागतं.

बाबा, पुढचं तुमच्या विषयातलं आहे. टायरमध्ये बसवलेल्या प्रत्येक स्टडला बाहेरून धातूची टोपी असते, ती रबरात घट्ट रुतलेली असते. तिच्या मध्यावरून जेमतेम एखाद-दीड मिलिमीटर टोक बाहेर येतं. चांगल्या टायरमध्ये हे टोक टंगस्टन कार्बाइडचं, म्हणजे पोलादाहून कितीतरी कठीण पदार्थाचं, असतं. खडकीच्या फॅक्टरीत टूलरूममध्ये तुम्ही ज्या कार्बाइड टिपा लेथच्या हत्याराला लावायचात, तीच जात. म्हणजे दुकानात गेल्यावर तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारायचा : टोक कार्बाइडचं आहे की साध्या पोलादाचं? स्वस्त टायरमध्ये पोलादाचं असतं आणि मधूनमधून उघड्या डांबरावर चालवलं की ते लवकर बोथट होतं. वरून टायर नवाकोरा दिसतो, पण धरत नाही. कार्बाइडचं टोक अनेक हिवाळे टिकतं. एका टायरला साधारण पन्नास ते सत्तर युरो पडतील. आई, तू रुपयांत हिशेब करशील आणि दचकशील, पण हे टायर दादाच्या सायकलवर पुढेही राहणार आहेत. तुमच्या दोन-अडीच महिन्यांसाठी घेतलेली ती चैन नाही.

मग स्टड किती हवेत? फिनलंडमधल्याच नोकिया गावची नोकियन ही टायरची कंपनी. ट्रकसाठी जगातला पहिला हिवाळी टायर त्यांनी १९३४ साली काढला आणि १९३६ मध्ये हाक्कापेलीट्टा हे नाव आणलं. त्याच नावाचे सायकलचे टायरही निघाले : डब्ल्यू १०६ आणि डब्ल्यू २४०. नावातला आकडा म्हणजे स्टडची संख्या. १०६ वाल्यात स्टड कमी असल्यामुळे तो हलका पळतो, आणि ज्याला बहुतेक मोकळा रस्ता आणि मधेच एखादा बर्फाचा पट्टा लागतो, त्याला तो पुरतो. तुमच्यासाठी २४०च्या जवळपासचा. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन विंटर प्लस हाही याच जातीचा, स्टडच्या चार ओळी असलेला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. मधल्या दोन ओळी कायम जमिनीला लागतात, बाहेरच्या दोन ओळी हवा कमी केली की जास्त टेकतात आणि वळताना सायकल कलली की धरतात. म्हणजे रस्ता कोरडा असेल तर हवा थोडी जास्त ठेवायची, बर्फ असेल तर कमी. पंक्चरपासून बचावाचा थरही त्यात असतो आणि तिथं तो लागतोच, कारण वाटेवर टाकलेली खडी धारदार असते.

हवेचं एक लक्षात ठेवा. घरात, विसाच्या तापमानात, ३ बार हवा भरली आणि सायकल उणे पंधरात नेली की ती आपोआप साधारण अडीच होते. एक बार म्हणजे आपले साडेचौदा पौंड. टायरच्या कडेवर कमीत कमी किती हवी ते लिहिलेलं असतं, त्याच्या खाली जायचं नाही.

दादाचं म्हणणं, पुढच्याच चाकाला स्टड लावू, मागे साधा राहू दे. एकच टायर घ्यायचा असता तर मीही पुढचाच म्हटलं असतं, कारण पुढचं चाक सटकलं की सावरता येत नाही. पण दादाची सायकल पुन्हा एकदा बघा. तिला हँडलवर पुढचा ब्रेक आहे आणि मागचा ब्रेक पायात आहे. पॅडल उलटं दाबलं की तो लागतो. तिथं अशा सायकली खूप. बर्फावर पुढचा ब्रेक जपूनच लावायचा, म्हणजे हळू व्हायचं तेव्हा ब्रेकचा बहुतेक भार मागच्या चाकावर. ते चाक जर बर्फावर धरतच नसेल तर भुयारी वाटेच्या उतारावर सायकल आडवी होणार. ओउलूत मोटारींच्या रस्त्याखालून सायकलच्या वाटा जागोजागी जातात. खाली पाणी साचतं, गोठतं आणि वळणही तिथंच असतं. माझी सगळ्यात मोठी काळजी त्या उतारांची आहे. म्हणून दोन्ही चाकं, यात तडजोड नको.

आणि बाबा, तुम्हाला उतारावर पॅडल मागे फिरवत जायची सवय आहे. लहानपणी पुढच्या दांडीवर बसून तो फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज मी ऐकत यायची. त्या सायकलवर असं केलं तर मागचा ब्रेक करकचून लागेल. आधी अंगणातल्या सपाट जागेवर, दादा शेजारी असताना, थोडा सराव करा.

मापाच्या बाबतीत फसायला होतं. आपल्याकडची मोठी काळी सायकल २८ इंची आणि तिथली बरीचशी सायकलही २८ इंचीच म्हणवते, पण दोन्हींचे टायर एकमेकींना बसत नाहीत. आपल्या २८ दीडच्या रिमला लागणाऱ्या टायरवर ६३५ लिहिलेलं असतं, तिथल्या सायकलवर बहुतेक ६२२ असेल. हा मिलिमीटरमधला व्यास. आधी रुंदी, मग आडवी रेघ, मग व्यास, असं कडेवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ ४०-६२२. इंचांवर विसंबू नका, हाच आकडा वाचा. मडगार्ड आणि टायर यांच्यात किती फट आहे तेही पाहा. स्टडमुळे टायर जाड होतो, वर ओलं बर्फ साचलं की चाक मडगार्डला घासून अडतं. फट कमी असेल तर चाळिसाऐवजी पस्तीस मिलिमीटरचा घ्या.

बसवताना टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघायचा. नवे टायर पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर साध्या डांबरावर सावकाश चालवायचे. जोरात ब्रेक नाही, उभं राहून पॅडल मारणं नाही. तेवढ्यात स्टड रबरात पक्के बसतात, नाहीतर निसटतात. दादाला घाई असेल, पण तुम्ही ऐकू नका. मोकळ्या डांबरावर टायर सतत कडकड वाजेल, चाक जड वाटेल. त्यात काही बिघडलेलं नसतं. नव्या टायरचं वजन जवळजवळ किलोभर असतं, तेव्हा पुण्यातल्या वेगाची अपेक्षा ठेवायची नाही.

हे टायर काय करत नाहीत, तेही सांगते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फात त्यांचा उपयोग नाही. यंत्रानं बाजूला लोटलेल्या बर्फाच्या ढिगात चाक रुतलं की स्टड असले काय, नसले काय. अशा सकाळी वाट साफ होईपर्यंत थांबा. बर्फात पडलेल्या आणि गोठलेल्या चाकोऱ्या तिरप्या ओलांडू नका, सरळ छेदून जा. वळताना सायकल कलवू नका, वेग आधीच कमी करा. सध्या नऊच्या सुमारास उजाडतं आणि चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. तुम्ही डायनॅमोचा दिवा घासून लख्ख ठेवायचात, त्यामुळे हे मला फार सांगावं लागणार नाही.

बाबा, खडकीला तुम्ही उन्हापावसात सायकलनं जायचात. शिवाजीनगर, वाकडेवाडी, पुढे पुलाखालून, आणि फॅक्टरी सुटली की सायकलींचा लोंढाच्या लोंढा रस्ता भरून यायचा. निवृत्तीनंतरही मंडई आणि वाचनालय तुम्ही सायकलीवरच केलंत. आपल्या शहरानं २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, तरी आता कर्वे रस्त्यावर तुम्हाला सायकलवर पाहिलं की माझा जीव खालीवर होतो. तिथं मोटारींपासून वेगळी, स्वच्छ केलेली वाट तुमच्या दारातून सुरू होते. ती तुम्हाला मिळावी असं मला मनापासून वाटतं. चार भिंतींत दोन-अडीच महिने बसून तुमचे गुडघे आखडतील आणि तुम्ही उदास व्हाल, हा धोकाही मी मोजते आहे.

आई, आता तुझं. तू सायकल चालवणार नाहीस, पण कचरा टाकायला आणि नातीला आणायला रोज चालत जातेस. बर्फावर पायी पडणारी माणसं कमी नसतात. बुटांवर ओढून घालायचे रबरी पट्टे मिळतात, त्यांनाही असेच खिळे असतात. दादाला आजच आणायला सांग. दुकानात किंवा घरात शिरताना मात्र ते काढायचे, गुळगुळीत फरशीवर ते उलट घसरतात. आणि सायकलही लाकडी जमिनीवरून ढकलत आत आणू देऊ नकोस, स्टडचे ओरखडे पडतील. खाली जुनी गोणी अंथर.

इकडे सगळं ठीक. पहाटे स्वेटर लागतो, दुपारी पंखा. तुळशीला पाणी घालते. शेजारच्या काकू विचारत असतात. बाबांच्या सायकलची ओव्हरऑइलिंग करून घेतली, मागच्या चाकाचा आऊटही काढला. चेनला तेल आहे, हवा मी दर रविवारी भरते.

बाबा, सध्याच्या टायरच्या कडेवरचा आकडा नीट वाचून मला कळवा, दादाला फोटो काढायला सांगितलं तरी चालेल. शनिवारी तो दुकानात जाईल तेव्हा तुम्हीही बरोबर जा आणि टोक स्वतः तपासून घ्या. पहिले पन्नास किलोमीटर झाले की उतारावर कसं धरतं ते मला लिहा.

तुमची,
मनू